चौथा भोई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सांगायला लागलो की मधे कुणी फिदीफिदी केलेलं मला चालत न्हाई. तशी माझ्या हातून आयुष्यात गाढवपणाची कामं बरीच झालीत. पण ती सगळी एका पारड्यात घाला आणि हे एकटं दुसऱ्या पारड्यात, दुसरंच पारडं खाली जाईल.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. निपाणीत बाजारपेठेच्या कोपऱ्यावर माझं तसबिरी मढवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दोन फळ्या आणि मधे मी. लक्ष्मी, दत्त, विठ्ठल, झालंच तर कुणाचा गेलेला आजा, कुणाचा मॅट्रिक पास झालेला भाऊ, सगळे माझ्याकडं यायचे आणि काचेआड बसून घरी जायचे. पंचक्रोशीत माझ्यासारखा कोपऱ्याचा सांधा कुणाला जमत न्हाई, असं मीच सांगत असे, कारण दुसरं कोण सांगत नव्हतं.

आता माझी एक सवय सांगून ठेवतो. काम हातात आलं की पहिल्यांदा शाईपेन्सिल जिभेवर ओली करायची आणि पाठीमागं गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं. शाईपेन्सिल तुम्हाला ठाऊक आहे. कोरडी असताना करडी दिसते, पाणी लागलं की जांभळी होते, आणि मग बापजन्मी जात न्हाई. ही सवय मला उगीच लागली न्हाई. एकदा दोन म्हाताऱ्यांचे फोटो एकाच दिवशी आलते. दोघांनाही पांढऱ्या मिशा, दोघांनाही फेटा. मी अदलाबदल करून दिले. कोगनोळीच्या एका पाटलांनी सहा महिने दुसऱ्याच्याच आज्याला हार घातला. कळलं तेव्हा मला म्हणाले, "असू दे दत्तू, आता ह्याचीच सवय झालीया." पण माझी झोप उडाली. तेव्हापासून काम आलं की नाव, आणि नावाखाली 'मागची बाजू'. हात आपोआप लिहितो. डोक्याचा त्यात काही संबंध नसतो, आणि सगळं तिथंच शेकलं.

तर एक दिवस गणपत मास्तर आणि काकू दुकानात आले. ह्या मास्तरांनी मला शाळेत पाढे शिकवलेले. काकूंच्या हातात धुतलेल्या धोतरात गुंडाळलेलं कायतरी होतं. उघडलं तर हातभर लांबीचं जाडं पांढरं कापड, आणि त्यावर लाल-हिरव्या रेशमानं कशिदा भरलेला. मधे गोपूर, दोन्ही अंगाला तुळशीवृंदावनं, आणि खाली पालखी. पालखीला चार भोई, दोन पुढं, दोन मागं.

"आमच्या इंदूनं भरलंय," काकू म्हणाल्या. "आठ महिने लागले."

इंदू त्यांची एकुलती एक पोरगी. शिकलेली, कामाला वाघ, बोलायला स्पष्ट. पण उंच. आता पोरगी उंच असली म्हणून काय झालं, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही म्हणालच, तुम्हाला कुठं तिच्याशेजारी बोहल्यावर उभं राहायचं होतं? आधी दोन स्थळं आली आणि उप्पीट खाऊन गेली. पहिल्या वेळी मुलगा तिच्याशेजारी उभा राहिला आणि त्याचा मामाच म्हणाला, "राहू दे." दुसरे लोक तर ती वाकून दारातून बाहेर आली तिथंच टोप्या शोधायला लागले. काकू त्या दिवशी जेवल्या न्हाईत. आता संकेश्वरचं तिसरं स्थळ येणार होतं. मुलगा बेळगावात कचेरीत कारकून. इंदूनं घरात सांगून टाकलं होतं, "मला नंतर बघू देत. आधी त्यांनी माझं काम बघायचं, मगच मी बाहेर येणार."

मी म्हणालो, "चांगलं आहे की. मढवून देतो."

"तसं न्हाई," काकू म्हणाल्या आणि त्यांनी कापड उलटं केलं. मी बघतच राहिलो. मागंही तेच गोपूर, तीच पालखी, तेच चार भोई. कुठं गाठ न्हाई, दोरा लोंबत न्हाई. "ह्या कशिद्याला गाठ मारायचीच नसते, दत्तू. दोरा जाताना एक टाका भरतो, एक सोडतो. परत येताना त्याच वाटेनं सोडलेली जागा भरत येतो. म्हणून इकडून तसंच तिकडून. मुलाची आत्या धारवाडकडं दिलीय. ती आधी कापड उलटं करणार. तिकडच्या बायका मागून बघितल्याशिवाय पुढून बघत न्हाईत."

मास्तर म्हणाले, "म्हणून दोन्हीकडून काच पाहिजे. दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत. जमेल ना?"

"मास्तर, असल्या छप्पन्न केल्यात मी."

एकही केली नव्हती. पण ज्यांनी पाढे शिकवले त्यांच्यासमोर न्हाई कसं म्हणणार? दोघं समाधानानं गेले. मी कापड फळीवर पसरलं. पुढची बाजू कुठली, मागची कुठली, काही कळेना. एकदा उलटं केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. शेवटी वैताग आला. म्हटलं, जगात कुठल्याही वस्तूला मागची बाजू असतेच. त्यातली एक धरली, पेन्सिल जिभेवर ओली केली आणि खालच्या कोपऱ्यात, शेवटच्या भोयाच्या पायाशी, वळणदार अक्षरात लिहिलं: 'गणपत मास्तर. मागची बाजू.'

आणि शांतपणे पट्ट्या कापायला बसलो.

काम मात्र झकास चाललं होतं, खोटं कशाला बोलू? पट्टीला दोन्ही अंगानं खोबणी पाडली. पहिली काच बसवली, कापड ठेवलं, दुसरी काच बसवली, उचलून उजेडात धरलं. वाहवा. मग फिरवलं. आणि कोपऱ्यातून माझंच अक्षर माझ्याकडं बघायला लागलं.

ज्या कामाची सगळी इज्जत 'ह्याला मागची बाजू न्हाई' ह्यात, त्याच्यावर मी 'मागची बाजू' लिहून मोकळा झालतो.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? उठून मास्तरांच्या घरी गेला असता. मी लिंबू आणलं. आमची पार्वती चुलीपासून ओरडली, "अवो, हात लावू नका, होतं ते बरं म्हणायची पाळी येईल." बायकोचं ऐकलं असतं तर हा किस्साच झाला नसता. काच काढून लिंबू चोळलं. अक्षरं फिकी जांभळी होती ती गडद झाली. मीठ लावलं. फुगली. साबण लावला, तेव्हा एकेक अक्षर भेंडीएवढं झालं. कापड जाडं म्हणून पलीकडं फुटलं न्हाई, एवढंच नशीब.

पार्वती येऊन बघून गेली. "आता लांबून पण वाचता येतंय," म्हणाली.

पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. मी डोकं धरून बसलो आणि मग मला अक्कल सुचली. ती न सुचती तर बरं झालं असतं. म्हटलं, त्या बाजूला काचेच्या आत सोनेरी कागदाची चौकट घालूया. शोभाही येईल, अक्षरंही झाकतील. चौकट कापली, बसवली. अक्षरं गेली. अक्षरांबरोबर शेवटचा भोईही गेला, कारण मी लिहिलं होतं ते बरोबर त्याच्या पायाशी.

दुसऱ्या बाजूलाही तशीच चौकट का घातली न्हाई, असं तुम्ही विचारणार. सोनेरी कागद संपला होता. आणि खरं सांगायचं तर भोयांकडं माझं लक्षच नव्हतं. मी अक्षरांकडं बघत होतो. ती दिसत न्हाईत म्हणून खुशीत होतो.

सकाळी फ्रेम घेऊन मास्तरांच्या घरी गेलो. दोन्ही बाजू दिसायच्या तर भिंतीवर लावून चालत न्हाई. मी पुढचा सोपा आणि आतलं माजघर यांच्यामधल्या दारावर वरच्या चौकटीला दोन आकडे मारले आणि साखळ्यांनी फ्रेम मधोमध टांगली. एक बाजू सोप्याकडं, एक माजघराकडं. अक्षरं नसलेली बाजू सोप्याकडं केली, पाहुणे सोप्यावर बसणार म्हणून. म्हणजे चार भोई सोप्याकडं आणि तीन आत, घरच्यांकडं, हे मला कुठं ठाऊक? काकू आत कढईशी होत्या, इंदू लुगडं नेसत होती, मास्तर सतरंजी झटकत होते. वर मान करून कुणी भोई मोजले न्हाईत.

"दत्तू, सोनं केलंस," मास्तर म्हणाले. मला खरं तर तेव्हाच पळायला पाहिजे होतं. पण आतून उप्पिटाच्या फोडणीचा वास यायला लागला होता.

दहाच्या मोटारीनं पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्याबाई. मुलगा शंकर, चेहऱ्यानं भला, उंचीनं बेताचा. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा उंचीवरच अडणार. आत्याबाई धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि चाल अशी की जोत्यावर पाय ठेवला तेव्हा मांजर आपणहून उठून गेलं. पुरुष सोप्यावर सतरंजीवर बसले. आणि आत्याबाई सरळ माजघरात गेल्या.

आता बायका माजघरात बसतात हे मला ठाऊक नव्हतं? माझा जन्म काय विलायतेत झाला होता? पण खरंच, त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

मुलाचे वडील फ्रेमकडं बघून खूश झाले. "काम लई सुबक आहे हं मास्तर. पालखी बघा, चारी भोई कसे तालात चाललेत."

आतून आवाज आला, "चार कुठले? तीन हाईत."

"आक्का, चार आहेत. मी मोजतोय की."

"मला काय मोजायला येत न्हाई व्हय रं? पुढं दोन, मागं एक. तीन."

"दोन अधिक दोन, चार."

बहीण-भाऊ दाराच्या दोन्ही अंगांनी फ्रेमला नाक लावून उभे राहिले. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी छपराकडं बघितलं.

मग आत्याबाई बाहेर आल्या, बाहेरच्या अंगाचे भोई बोटानं मोजले, आत गेल्या, आतल्या अंगाचे मोजले, पुन्हा बाहेर आल्या. आता त्यांचा आवाज बदलला होता. "व्हय. इकडं चार, तिकडं तीन. म्हंजे हे एक कापड न्हाई. दोन हाईत, पाठीला पाठ लावून. गाठी सगळ्या मधे दाबल्यात. मास्तर, असली चलाखी आमच्याकडं लई बघितलीया."

काकूंनी हातातलं ताट तसंच खाली ठेवलं. मास्तर सतरंजीवरून उठले. चाळीस वर्षं ज्यानं पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं, त्याच्या सोप्यावर उभं राहून कुणीतरी त्याला खोटं ठरवत होतं, आणि ते माझ्यामुळं. माझी मलाच लाज वाटली. मी बोलायचं ठरवलं. पण तोंड उघडलं आणि आतून काय यावं?

"आत्याबाई," मी म्हणालो, "चौथा भोई खांदा बदलायला गेलाय."

कुणी हललं न्हाई. मला वाटलं, पटलं बहुतेक. म्हणून पुढं बोललो, "लांबच्या पालखीला तसं करावं लागतं."

"हा कोण?" आत्याबाईंनी विचारलं.

"फ्रेम करणारा," मास्तर म्हणाले. शिवी द्यावी तसं म्हणाले.

मुलाच्या वडिलांनी टोपी उचलली. "चल शंकर, परतीची मोटार आहे." आणि काकूंनी पदर डोळ्याला लावला. दोन स्थळं उंचीवरून गेली होती, त्याला इलाज नव्हता. हे तिसरं माझ्या सोनेरी कागदावरून चाललं होतं.

तेवढ्यात माजघरातून इंदू आली. बोलावलेलं नव्हतं, ताट नव्हतं, मान खाली नव्हती. फ्रेम डोक्याला लागेल म्हणून वाकली, मग सरळ उभी राहिली, आणि सगळ्या सोप्यावर तीच उंच दिसायला लागली.

"दत्तूअण्णा, फोडा ती फ्रेम."

"इंदू, अगं काच—" मी म्हणालो.

"फोडा म्हणते ना. ह्यांना काय बघायचंय ते बघून जाऊ देत. उद्या मला न्हाई म्हणाले तर चालेल, माझ्या कामाला खोटं म्हणालेलं चालणार न्हाई."

मी पक्कड काढली. खिळे मीच असे घट्ट मारले होते की पहिला उपटायला उप्पीट खाण्याएवढा वेळ लागला. काच निघाली, सोनेरी चौकट निघाली, आणि मागून चौथा भोई निघाला. त्याच्या पायाशी भेंडीएवढी जांभळी अक्षरं.

आत्याबाईंना मराठी वाचता येत नव्हतं, कानडी येत होतं. त्यांनी कापड शंकरपुढं धरलं. "काय लिवलंय हे?"

शंकरनं वाचलं, "गणपत मास्तर. मागची बाजू."

मग मी सगळं सांगितलं. पेन्सिल, लिंबू, मीठ, साबण, कागद, काही म्हणून ठेवलं न्हाई. कोगनोळीच्या पाटलांचा आजासुद्धा सांगितला, गरज नव्हती तरी. मास्तरांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

आत्याबाई माझं ऐकतच नव्हत्या. त्या खाली बसल्या, कापड मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि बोटाचं टोक टाक्यावरून फिरवत गेल्या. गोपुरावरून, तुळशीवरून, एकेका भोयावरून. उलटं केलं, पुन्हा तसंच. एका जागी बोट थांबलं तेव्हा काकूंनी माझा दंड धरला, अजून वळ असेल. ते बोट माझ्या साबणाच्या पापुद्र्यावर थांबलं होतं.

"गाठ न्हाई," त्या म्हणाल्या. "कुठंच न्हाई. पोरी, कुणी शिकवलं?"

"आईनं. थोडं मी बघून बघून."

"आणि ह्याची मागची बाजू कुठली?"

इंदू माझ्याकडं वळली. "ते दत्तूअण्णांना विचारा. मी आठ महिने हे मांडीवर घेऊन बसले, मला सापडली न्हाई. ह्यांना एका दिवसात कशी सापडली कुणास ठाऊक."

शंकर हसला. हसला म्हणजे काय, आधी रुमाल तोंडावर धरला, मग रुमाल पडला, मग भिंतीला टेकून हसला. त्याचं बघून इंदूही हसली, आणि काकू एका डोळ्यानं रडत दुसऱ्या डोळ्यानं हसल्या. मलाही हसू आलं, पण मास्तरांनी बघितल्यावर मी ते गिळलं.

आत्याबाईंनी इंदूला खालपासून वरपर्यंत बघितलं. वरपर्यंत जायला जरा वेळ लागला. माझा जीव टांगणीला.

"उंच हाय," त्या म्हणाल्या.

मास्तर बोलायला गेले, "अहो, तशी ती बसली की—"

"बरं हाय की मग. आमच्या घरात वरच्या फळीवरचं काढायला कोण न्हाई. सगळे ह्याच्याएवढे." त्यांनी शंकरकडं बोट दाखवलं. "काय रं, तुझं काय?"

शंकर डोळे पुसत म्हणाला, "मला पसंत आहे. त्यांना विचारा."

असं विचारलेलं मी तरी त्याआधी कुठं ऐकलं नव्हतं. मास्तर पोरीकडं बघायला लागले. इंदूनं शंकरकडं एकदा नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "हे हसतात चांगलं," आणि वाकून माजघरात गेली. काकूंनी साखर आणायला धाव घेतली, आणि मी अखेर उप्पीट खाल्लं. थंड झालं होतं, पण तसलं उप्पीट मी पुन्हा खाल्लं न्हाई.

माझी अक्षरं काही गेली न्हाईत. इंदूनं त्यांच्यावर कमळांची ओळ भरली, दोन्हीकडून सारखी. भोई आता कमळांतून चालतात. फ्रेम मी पुन्हा करून दिली, कागद-बिगद काही न घालता, आणि ह्या वेळी काकू दुकानात समोर बसून होत्या.

लग्न वैशाखात झालं. मला आवतण आलं, मास्तर स्वतः आलते. मांडवात गेलो तर आत्याबाई समोर. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत माझी इज्जत उतरवणार. पण त्यांनी मला हाताला धरून पुढं नेलं, पाटावर बसवलं, कपाळाला गंध लावलं. मग उजव्या हातात एक नारळ दिला, डाव्या हातात एक नारळ दिला, आणि म्हणाल्या, "शेवटची अक्षता पडेपर्यंत हे खाली ठेवायचे न्हाईत."

मी ठेवले न्हाईत. घाम आला, माशी नाकावर बसली, ठेवले न्हाईत. शेजारचा एक जण आहेराची यादी लिहीत होता, त्याची पेन्सिल घरंगळत माझ्यापाशी आली, तरी उचलली न्हाई. सगळा मांडव माझ्याकडं बघत होता, आणि मी ताठ बसलो होतो. म्हटलं, बघा. एवढा घोटाळा करूनसुद्धा माणसाची किंमत ज्याला कळायची त्याला कळतेच.

घरी आल्यावर पार्वतीला म्हणालो, "बघितलंस ना? दोन दोन नारळ. धारवाडकडं फ्रेम करणाराला असा मान देतात वाटतं."

पार्वती लुगड्याची घडी घालत होती. ती घालून होईपर्यंत थांबली, आणि म्हणाली, "मान कसला? आत्याबाईंनी सकाळीच मला बाजूला घेऊन विचारलं होतं, तुमच्या मालकांचे दोन्ही हात एकदम गुंतवून ठेवायचे तर काय करावं. नारळ मीच सुचवले."